‘हलका ट्रक’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

लहान गाडी पेट्रोल वाचवते पण जीव वाचवत नाही, हे अमेरिकेत गेली चाळीस वर्षे इतक्यांदा बोलले गेले आहे की वाद मुळात कशावरून पेटला याचा विसर पडावा. माझ्या मते तो गाडीच्या आकारापेक्षा एका व्याख्येवरून जास्त पेटला.

तेलटंचाईनंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, तिथे इंधनबचतीचा कायदा झाला. त्यातले ‘ॲव्हरेज’ म्हणजे ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असे विचारताना आपल्या डोक्यात असते ते नव्हे. ती खरोखरची सरासरी होती, कंपनीने त्या वर्षी विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून. १९७८ च्या मॉडेलांसाठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी २७.५. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे ७.७ किलोमीटरवरून ११.७. पण हे आकडे फक्त प्रवासी कारसाठी होते. ‘हलक्या ट्रक’साठी वेगळा, सैल आकडा सरकारी यंत्रणेने ठरवायचा होता.

तेव्हा त्यात कुणाला काही खटकले नाही. नव्या गाड्यांत पाचातली एखादीच या वर्गात बसत होती, आणि तीही बहुधा शेतकऱ्याची किंवा प्लंबरची. घोळ झाला तो ट्रक कशाला म्हणायचे यात. मागे उघडा हौदा असेल तर ट्रक. मागच्या सीट काढून सपाट तळ मिळत असेल तरी ट्रक. चारही चाकांना ताकद मिळत असेल आणि पाच मापांपैकी चार बसत असतील तरीही ट्रक. मापे म्हणजे पुढच्या बंपरखालचा कोन किमान २८ अंश, पोटाखाली किमान २० सेंटिमीटर मोकळी जागा, अशी. घेणारा त्या गाडीतून खडी नेणार की मुलांना शाळेत सोडणार, हे कुणी विचारत नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. छोट्या कारइतक्याच आकाराची, जुन्या वळणाची एक गाडी २००० साली बाजारात आली. तिच्या सीट काढता येत होत्या, म्हणून ती कागदावर ट्रक ठरली आणि कंपनीच्या खऱ्या, खादाड ट्रकांची सरासरी तिने सावरली. २००५ च्या मॉडेलला एका जपानी कंपनीने आपली स्टेशन वॅगन थोडी उंच केली, आणि कालपर्यंतची कार ट्रक झाली. जास्त तेल पिणाऱ्या गाड्यांवर १९७८ च्या कायद्याने बसवलेला करही फक्त कारला होता. आयात ट्रकवर २५ टक्के शुल्क १९६४ पासून होतेच, म्हणजे ट्रक विकताना देशी कंपन्यांना बाहेरची स्पर्धा कमी (ते युरोपशी कोंबड्यांच्या निर्यातीवरून झालेल्या भांडणातून आले, आणि कोंबड्यांचे भांडण विरले तरी शुल्क राहिले). शिवाय २००३ मध्ये ६,००० पौंडांहून जड गाडी धंद्यासाठी घेतल्यास १ लाख डॉलरपर्यंतची वजावट एकाच वर्षात मिळू लागली. एसयूव्हींसाठी ती पुढच्याच वर्षी २५ हजारांवर आणावी लागली. इतक्या बाजूंनी ढकलल्यावर ग्राहक ट्रककडे गेला, तर त्याला निव्वळ आवड म्हणणे कठीण आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा खोटा मात्र नव्हता. १,००० आणि २,००० किलोच्या दोन गाड्या ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या असे धरा. जड गाडीचा वेग क्षणात सुमारे ३३ ने बदलतो, हलकीचा ६७ ने, म्हणजे ती मागे फेकली जाते. एअरबॅग कितीही चांगल्या असल्या तरी हे गणित तसेच राहते. पण त्याला दुसरी बाजू आहे. जड गाडीतल्याला मिळणारे संरक्षण काही अंशी समोरच्याच्या खिशातून येते. दोघेही १,००० किलोचे असते तर दोघांनाही ५० चाच झटका बसला असता.

इंधनबचतीच्या या निकषांवर नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २००२ मध्ये छापला गेला, तोही नेमका याच मुद्द्यावर अडकला. १९७० च्या दशकाअखेरीपासून गाड्या लहान व हलक्या झाल्यामुळे एकट्या १९९३ मध्ये १,३०० ते २,६०० जास्त मृत्यू झाले असावेत, असा बहुमताचा अंदाज होता. समितीतल्याच दोघांनी असहमती नोंदवली. सगळ्याच गाड्या हलक्या झाल्या तर एकूण मृत्यू वाढतात हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे प्रचारात आकडा तेवढा राहिला, असहमती गळाली. १९७५ ते १९९३ मध्ये दर मैलामागचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते, हेही कमीच सांगितले गेले. दरम्यान १९९० च्या दशकाच्या मध्यापासून संसदेने निकष वाढवायलाच पैसे देणे बंद केले, आणि ट्रकांचा आकडा १९९६ ते २००४ गॅलनला २०.७ मैलांवर थिजला. हेच एसयूव्हीच्या भरभराटीचे दिवस.

तोडगा निघाला तो ‘पाऊलखुणेचा’. दोन चाकांतले पुढचे-मागचे अंतर गुणिले डावे-उजवे अंतर, आणि त्या क्षेत्रफळाप्रमाणे प्रत्येक गाडीचे लक्ष्य. ट्रकांसाठी हे २००८ च्या मॉडेलांपासून सुरू झाले, कारसाठी २०११ पासून. गाडी आखूड करून फायदा नाही, हलकी करून आहे. लांबी-रुंदी आणि वजन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नियमाला कळायला तीस वर्षे लागली. पण गाडी जितकी पसरट तितके लक्ष्य सोपे, ही नवी फट त्यातच होती.

जुनी व्याख्या त्या वेळी थोडी आवळली गेली. दोनच चाकांना ताकद असलेल्या छोट्या एसयूव्ही कारमध्ये गेल्या. त्यामुळे शोरूममध्ये शेजारीशेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतली एक कार असते, तर चारही चाकांना ताकद असलेली दुसरी ट्रक. जुलै २०२५ मध्ये तर लक्ष्य चुकल्याचा दंडच शून्य डॉलर करण्यात आला.