पिशवी उघडली आणि मासा मलूल झाला

मागच्या महिन्यात माझ्या टँकसाठी सहा मॉली (छोटे शोभेचे मासे) मागवल्या, दुसऱ्या शहरातून, बसच्या पार्सलने. चोवीस तास पिशवीत होत्या पण आल्या तेव्हा बऱ्यापैकी पोहत होत्या. मग मी सगळे सांगतात तेच केलं, रबर काढला, उघडी पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली आणि दर दहा मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी आत घालत बसलो. तासाभरात दोन तळाशी आडव्या, बाकीच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, पंख अंगाला चिकटलेले. सकाळी त्या दोन गेल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाऊ दे रे, घरावरचं संकट घेतलं त्यांनी अंगावर."

आता काकूंचं खरं मानलं तर नवीन टँक घेणाऱ्या माणसावर नेमकी पहिल्याच महिन्यात एवढी संकटं का येतात, आणि जुन्या टँकवाल्याची साडेसाती कुठे जाते, हे विचारायला पाहिजे. माझ्या मॉली संकटाने नाही, माझ्या मायेने मेल्या.

झालं काय ते सांगतो. मासा आपल्यासारखी युरिया बनवून लघवीवाटे टाकत बसत नाही, त्याचा बराचसा नायट्रोजनचा कचरा अमोनिया म्हणून सरळ कल्ल्यांतून पाण्यात जातो. बंद पिशवीत तो साठत राहतो. पण त्याच वेळी मासा श्वासातून कार्बन डायऑक्साइडही सोडतोय, तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं आणि पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) खाली येतो, साडेसहा किंवा त्याच्याही खाली. आणि हेच माशाला वाचवतं! कारण पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक साधा अमोनिया, त्यावर विद्युतभार नाही, म्हणून तो कल्ल्याच्या पातळ पडद्यातून आरामात आत शिरतो आणि विषारी ठरतो. दुसरं रूप अमोनियम, म्हणजे त्याच रेणूला एक हायड्रोजन आयन चिकटलेला, भार असल्यामुळे त्याला आत शिरणं फार अवघड. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन भरपूर, मग जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम होऊन बसतो.

किती? २५ अंशाला या जोडीचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात तो, साधारण ९.२५. म्हणजे पीएच ७ ला विषारी रूप जेमतेम ०.६ टक्के, ८ ला ५ टक्क्यांच्या वर, ६.५ ला ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी. समजा पिशवीतल्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम अमोनिया साठलाय. पीएच ६.५ असताना त्यातला विषारी भाग ०.०२ मिलिग्रॅमही नाही. आता पिशवी उघडा. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, त्यात तुम्ही वरून पीएच ८ चं टँकचं पाणी घालताय (आमच्याकडे बोअरचं, चांगलंच जड म्हणजे क्षारांचं). पीएच आठाजवळ गेला की विषारी भाग अर्ध्या मिलिग्रॅमवर, साधारण तीसपट! वाट्यांनी पाणी वाढतं म्हणून थोडा पातळ होतो, पण पीएचची उडी त्यापेक्षा कितीतरी मोठी. मासा तोच, कचरा तोच, फक्त झाकण उघडलं.

म्हणून लांबून आलेली पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळेल. मग उघडायची आणि लगेच जाळीने मासा उचलून पाण्यात, पिशवीतलं पाणी झाडाच्या कुंडीत. मासा ज्यात सोडायचा ते पाणी दुकानातल्याशी मिळतंजुळतं हवं, पीएच-जडपणा आधीच फोनवर विचारून वेगळ्या टबात तयार ठेवलं तर उत्तम, दोन-चार आठवडे तिथेच राहू द्या म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसारखे रोग जुन्या माशांना लागणार नाहीत. पेठेतल्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला एवढं सगळं करायची गरज नाही, तिथे वाटी-वाटी केलंत तरी चालतं.

मासा आधीच मलूल असेल तर लाइट बंद, एअर पंप चालू, एक दिवस खाणं नाही. नळाचं पाणी असेल तर अँटीक्लोरीन टाकूनच, क्लोरीन कल्ले जाळतं. निळं औषध (मिथिलीन ब्लू) मुख्य टँकमध्ये ओतू नका, फिल्टरमधल्या बॅक्टेरियांनाही ते सोडत नाही आणि त्या बॅक्टेरियांवर तर सगळं चाललंय, त्याच अमोनियाचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, काकूंची पहिल्या महिन्यातली संकटं ती हीच. हे दोन्ही टप्पे एकटाच करणारा बॅक्टेरिया, नायट्रोस्पायरा, २०१५ साली सापडला, त्यातला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून, पण त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल.

नायट्राइट वाढला असेल तर मीठ. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, कल्ले चॉकलेटी दिसायला लागतात, हवा असूनही मासा गुदमरतो. तो कल्ल्यात शिरतो क्लोराइडच्याच वाटेने, त्यामुळे पाण्यात क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला जागा मिळत नाही. लिटरला एक ग्रॅम पुरतं, घरातलं आयोडीनवालंही चालतं. फक्त मगमध्ये विरघळवून हळूहळू घाला, माशाच्या डोक्यावर खडे टाकू नका.