मत्स्यालयातील पाणीबदल, पंपाने

मत्स्यालयातील पाण्याचा काही भाग ठरावीक काळाने काढून टाकून तेवढेच ताजे पाणी पंपाच्या साहाय्याने भरण्याची पद्धत. १ लि. पाण्याचे वजन सुमारे १ किग्रॅ. भरते, म्हणून २०० लि. टाकीतील चौथाई पाणी बादलीने बदलायचे म्हणजे ५० किग्रॅ. भार बाहेर न्यायचा आणि तितकाच पुन्हा टाकीच्या काठापर्यंत उचलायचा. या कष्टांमुळे पाणीबदल लांबणीवर पडतो व त्याची झळ माशांना लागते. पंपाने श्रम वाचतात हे खरेच. पण काम वेळच्या वेळी होते, हा त्याचा त्याहून मोठा फायदा होय.

पद्धतीचा उगम नक्की सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांचा मेळ घातला, तर पाणी बदलावे लागत नाही, असे मांडले (१८५०). पुढे विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयात (१८७१) टाक्यांखालच्या अंधाऱ्या हौदातून समुद्राचे पाणी पंपांनी सतत खेळते ठेवले. काहीजण येथेच या पद्धतीचे मूळ पाहतात. मात्र लॉइड यांचा भर तेच पाणी फिरवत राहण्यावर होता, बदलण्यावर नव्हे. तेव्हा त्यांना पंपयुक्त अभिसरणाचे प्रवर्तक म्हणणे अधिक योग्य वाटते.

पाणी का बदलावे लागते, याचा रासायनिक उलगडा नंतरचा. माशांच्या उत्सर्जनातून निघणाऱ्या अमोनियाचे सूक्ष्मजंतू आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे सूक्ष्मजंतू रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे केले. सामान्य गाळणीत साखळी नायट्रेटपाशी थांबते आणि ते साचत जाते. दर आठवड्याला नायट्रेटात १० मिग्रॅ./लि. भर पडत असेल व दर आठवड्याला चौथाई पाणी बदलले जात असेल, तर कालांतराने बदलापूर्वीची पातळी ४० मिग्रॅ./लि.पाशी स्थिरावते, निम्मे पाणी बदलल्यास २०पाशी. (नव्या पाण्यात नायट्रेट नाही, असे येथे धरले आहे.)

पाणी काढण्याचे जुने साधन म्हणजे बकनळी (सायफन), म्हणजे काठावरून वळवून खाली सोडलेली, पाण्याने भरलेली नळी. प्राचीन अलेक्झांड्रियाचे ग्रीक यंत्रज्ञ हेरॉन यांच्या लेखनात ती आढळते. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (११५०) वर्णिलेली कुक्कुटनाडी हीही बकनळीच, असे सामान्यतः मानले जाते. ती चालते कशी, यावर मात्र अजून वाद आहे. पाठ्यपुस्तके बहुधा वातावरणाच्या दाबाला श्रेय देतात. दुसऱ्या मतानुसार, लांब बाजूतील पाण्याचे वजन हीच प्रेरक शक्ती असून पाण्याच्या रेणूंतील आकर्षणामुळे धार अखंड राहते. निर्वातातही योग्य द्रवाची बकनळी चालते, हा या मताचा मोठा आधार. चालक शक्ती गुरुत्वाची आणि दाबाचे काम नळीच्या माथ्यावर धार तुटू न देण्याचे, हे विवेचन अधिक समाधानकारक वाटते. व्यवहारात निष्कर्ष एकच : बकनळी पाणी खालीच नेते. मोरी टाकीपेक्षा उंच असली किंवा ताज्या पाण्याच्या पिंपातले पाणी वर टाकीत चढवायचे असले, की पंपाला पर्याय नाही.

घरगुती वापरात पाण्यात बुडवून चालवायचा लहान केंद्रोत्सारी (फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा) पंप असतो. त्यावर छापलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो. १,००० लि./तास व कमाल उंची १.५ मी. असे लिहिलेला पंप १.५ मी. उंचीवर थेंबही देत नाही. मधल्या उंचीवर प्रवाह घटत जातो. नळीचा व्यासही महत्त्वाचा : तोच प्रवाह निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचा तर घर्षणाने होणारी हानी सुमारे ३२ पट वाढते. त्यामुळे पंप मोठा घेण्यापूर्वी नळी रुंद करून पाहावी.

एका पंपाने काढत असतानाच दुसऱ्याने भरल्यास टाकीची पातळी कायम राहते. मात्र नवे पाणीही थोडे वाया जाते. टाकीच्या निम्म्या आकारमानाइतके पाणी असे बदलल्यास जुन्यापैकी सुमारे ६१% उरते. आधी काढून मग भरल्यास ५०%. पाणी टंचाईचे असेल तर दुसरी रीतच बरी. नळी दाबत पाणी ढकलणारे मंदगती पंप वेळ लावून दिवसभर थोडेथोडे पाणी बदलतात. त्यात माशांवर कमीत कमी ताण येतो.

पंपाच्या वेगातच त्याचा धोका आहे. दीर्घकाळ पाणी न बदललेल्या टाकीत आम्लता वाढून अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात राहतो. पीएच (आम्ल-अल्कतेचे माप; ते जितके कमी तितकी आम्लता जास्त) ७ असताना (२५° से.) एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६% विषारी रूपात असतो, पीएच ८ला ५%हून अधिक. अशा टाकीत अल्कधर्मी पाणी काही मिनिटांत लोटले, तर स्वच्छतेसाठी केलेला बदलच मासे मारतो. तेथे अनेक दिवस थोडेथोडे बदल करावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने आधीच काढावा व तापमान टाकीशी जुळवावे.

पाणी उतरण्यापूर्वी काचेचा हीटर बंद करावा. उघडा पडलेला तापता हीटर तडकतो. पंपाच्या तोंडाला जाळी हवी, अन्यथा पिल्ले ओढली जातात. भरण्याच्या नळीचे टोक पाण्यात बुडालेले ठेवल्यास पंप थांबताच पाणी उलटे पिंपात येते, म्हणून ते पाण्याच्या वर बांधतात किंवा नळीला पातळीजवळ छिद्र पाडतात. कोरडा चालल्यास पंप जळतो. तळाच्या वाळूतील गाळ काढायला पंप फारसा उपयोगी नाही. वाळू त्याच्या पात्यांत अडकते. ते काम रुंद तोंडाच्या बकनळीचेच.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मीठ वेगळ्या पिंपात पूर्ण विरघळवून, क्षारता मोजूनच पंप सुरू करतात.