डायलमागचा गेलेला दिवा

१९७०च्या दशकातल्या जपानी रिसीव्हरची (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेल्या यंत्राची) स्टेशन दाखवणारी डायल अंधारली की बहुतेकांना आधी एलईडी आठवतो. पण दिवा खरंच गेलाय का, ते आधी तपासा. हे दिवे बऱ्याचदा काचेच्या फ्यूजसारखे, दोन क्लिपांमध्ये बसणारे असतात. क्लिपा काळवंडल्या तरी दिवा लागत नाही. प्लग काढा, वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि दिवा क्लिपांतून काढून त्याला मल्टिमीटर लावा. ८ व्होल्ट, ०.३ अँपिअरच्या दिव्याचा रोध पेटलेला असताना सुमारे २७ ओहम असतो, थंड असताना जेमतेम २-३. हा शॉर्ट नव्हे. थंड टंगस्टनचा रोध कमी, म्हणून बटण दाबताक्षणी कित्येक पट प्रवाह धावतो आणि झिजलेली तार नेमकी तेव्हाच तुटते.

तसाच दिवा मिळाला तर उत्तमच. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवा. ८ च्या जागी १२ व्होल्टचा दिवा वर्षानुवर्षं टिकेल, पण उजेड साधारण पाव उरेल आणि तोही पिवळट.

एलईडीच लावायचा असेल तर आधी हे लक्षात घ्या की डायलच्या दिव्यांना सहसा एसी मिळतो. उलट दिशेचे पाचेक व्होल्टही साध्या एलईडीला झेपत नाहीत. ८ व्होल्ट एसीला ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला की साधारण ९.९ व्होल्ट डीसी मिळतात. पांढरा एलईडी ३.२ व्होल्ट घेतो. १० मिलिअँपिअरसाठी एलईडीसोबत एकसरीत लावायचा रोध हिशेबाने ६८० ओहम येतो. तरी १ किलोओहम घ्या, कारण दिव्यांचा भार उतरला की ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज चढतं. ब्रिजचं ऋण टोक चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) मात्र जोडू नका. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं एक टोक आधीच चॅसिसवर असलं तर डायोड जळेल.

खरी पंचाईत रंगाची. डायलचा निळा-हिरवा फिल्टर पिवळसर तंतूच्या दिव्यासाठी निवडलेला असतो. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर, निळा-हिरवा तुटपुंजा. त्यामुळे थंड पांढरा एलईडी लावला की डायल भडक निळी दिसते. २७०० केल्विनचा उबदार एलईडी मूळ छटेच्या जवळ जातो. एलईडीचा उजेड एका दिशेने पडतो, त्यामुळे ठिपके दिसतात; पुढे ट्रेसिंग पेपरची पट्टी लावा.

स्टेशन स्टिरिओ असलं की लागणारा दिवा वेगळा. त्याला स्टिरिओ डिकोडरची चिप किंवा ट्रान्झिस्टर चालवतो आणि दिवा बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह गळतो. तंतूच्या दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही, एलईडी मात्र मोनो स्टेशनवरही मिणमिणतो. एलईडीला समांतर १ किलोओहमचा रोध जोडला की ते थांबतं.