कडेच्या दाण्यांची वर्गणी

प्रायोगिक पुरातत्त्वाच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या पद्धती आज स्वतः करून तपासण्याच्या, एका प्रकल्पासाठी लोकवर्गणी गोळा करायची होती. आवाहन मी ओळखीच्या चारजणांना पाठवलं. पहिलं उत्तर आलं ते असं: "खड्डा खणायचा, धान्य भरायचं, सहा महिन्यांनी उघडायचा. याला विज्ञान म्हणायचं आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून त्या खड्ड्याबद्दलच बोलू.

आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे: पेव. कशाचंही 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणतो, पण ज्यात जमिनीखाली धान्य साठवायचे ते खरं पेव फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. दक्षिण इंग्लंडमधल्या लोहयुगीन वस्त्यांवर असे खड्डे मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा माणसं त्यांत राहत असावीत असा समज होता. १९३८-३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गेरहार्ड बेर्सू यांनी तिथल्याच लिटल वुडबरी इथे उत्खनन केलं आणि ही घरं नसून कोठारं आहेत असं दाखवलं. पण मग नवी शंका उभी राहिली. त्या ओल्या, पावसाळी हवेत जमिनीखालचं धान्य टिकेल कसं? कुजणार नाही? उकरून याचं उत्तर मिळत नाही, कारण धान्य केव्हाच गेलेलं असतं. पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बटसरच्या प्रायोगिक शेतावर तसेच खड्डे खणले, धान्य भरलं, तोंड मातीने लिंपलं आणि हिवाळा जाऊ दिला. उघडल्यावर कडेचा थर खराब झालेला होता, आतलं धान्य मात्र उत्तम. नुसतं टिकलेलं नव्हे, पेरलं तर उगवणारं.

हे कसं घडतं, तो भाग मला सगळ्यात आवडतो. थोडं गणित येईल, सांभाळून घ्या.

दाणा जिवंत असतो आणि श्वास घेतो. कोरडा असेल तर अगदी मंद, ओल लागली की जोरात. पेवाच्या भिंतीला टेकलेल्या दाण्यांना मातीतली ओल मिळते आणि ते अंकुरू लागतात. अंकुरताना ते ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. बुरशी आणि किडेही तेच करतात. तोंड बंद असल्यामुळे नवा ऑक्सिजन येत नाही. थोड्याच काळात आतली हवा अशी होते की किडे मरतात, बुरशी थंडावते आणि अंकुरही थांबतात. उरलेलं सगळं धान्य झोपी जातं.

किती धान्य बळी पडतं? एक घनमीटर पेवात साधारण ७५० किलो गहू मावतो. दाण्यांमधल्या फटींत सुमारे ४०० लिटर हवा असते, म्हणजे साधारण ८४ लिटर ऑक्सिजन. रसायनशास्त्रात रेणू 'मोल' या एककात मोजतात; खोलीच्या तापमानाला एक मोल वायू २४ लिटर धरला तर हे झाले साडेतीन मोल. दाणा श्वसनात जाळतो ती साखर म्हणजे ग्लुकोज; एक मोल (१८० ग्रॅम) ग्लुकोज जाळायला सहा मोल ऑक्सिजन लागतो. म्हणजे साडेतीन भागिले सहा, गुणिले १८० ग्रॅम: जेमतेम १०५ ग्रॅम! साडेसातशे किलोंच्या रक्षणासाठी कडेच्या दाण्यांनी दिलेली वर्गणी एवढीच. प्रत्यक्षात नासाडी जास्त होते, कारण झाकण कधीच पूर्ण हवाबंद नसतं आणि ओल झिरपत राहते. म्हणून सारी मदार लिंपणावर. चिकणमाती वाळून तडकली की बाहेरची हवा आत शिरते आणि श्वसन पुन्हा सुरू होतं. आणि मधूनमधून उघडून पायलीभर काढायची सोय नाही. प्रत्येक उघडणं म्हणजे ऑक्सिजनचा नवा हप्ता. तेव्हा हे रोजच्या स्वयंपाकाचं कोठार नव्हे. बियाण्याचं किंवा एकरकमी बाहेर काढायच्या साठ्याचं असणार, असा अंदाज बांधता येतो. असे खड्डे पुन्हा पुन्हा वापरता येतात, हेही बटसरला दिसलं. मग एका वस्तीवर शेकडो खड्डे सापडले की तिथे किती माणसं राहत होती, हा हिशेबच बदलतो.

जाता जाता: प्राचीन काळातलं काही समजेनासं झालं की परग्रहवासी किंवा हरवलेलं दिव्य तंत्रज्ञान पुढे करणाऱ्यांना वर्गणीची चणचण कधी भासत नाही. प्राचीन इजिप्तमधल्या जेहुतीहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि एक माणूस पुढे वाळूवर पाणी ओततोय. कित्येकांनी तो धार्मिक विधी मानला. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये वाळूत योग्य प्रमाणात पाणी मिसळून पाहिलं, तर ओढायला लागणारं बल सुमारे निम्म्यावर आलं.

आता पैशांचं. खड्डा खणणं स्वस्त; महाग असतं ते पुन्हा पुन्हा खणणं. एकच पेव यशस्वी झालं तर तो योगायोगही असू शकतो. लिंपलेलं, न लिंपलेलं, ओल्या धान्याचं, कोरड्या धान्याचं, अशी कितीतरी पेवं शेजारी शेजारी हवीत. वायू, तापमान आणि ओल मोजणारी उपकरणं हवीत. महिनोन्‌महिने नोंदी ठेवणारा माणूस हवा. शिवाय इंग्लंडच्या थंडीत खडूच्या दगडात जमलं ते उष्ण हवेत, वेगळ्या मातीत जमेलच असं नाही, म्हणून तिथे नव्याने सुरुवात. सरकारी अनुदानं बहुधा काही वर्षांचीच असतात, आणि इंग्लंडमध्ये ओव्हर्टन डाउन इथे १९६० मध्ये प्रयोग म्हणून बांधलेल्या मातीच्या बांधाचं वेळापत्रक पाहा: २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी कापून आत काय बदललं ते बघायचं. शेवटची पाळी २०८८ मध्ये! लोकांचा हात लागतो तो इथे. इंग्लंडमध्येच सटन हू इथे १९३९ मध्ये जमिनीत पुरलेल्या, सापडलेल्या प्राचीन जहाजाचं लाकूड नाहीसं झालं होतं, उरले होते मातीतले ठसे आणि फळ्या जोडणारे गंजलेले लोखंडी खिळे, म्हणजे रिव्हेट. त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधताना लोकांना एकेक रिव्हेट पुरस्कृत करायला सांगितलं गेलं.

मात्र देण्याआधी विचारा: नेमका प्रश्न कोणता? काय दिसलं तर तुमचा अंदाज चुकला असं मानाल? आणि धान्य कुजलं तर तेही छापाल का? ही उत्तरं नसतील तर तो जुन्या पोशाखातला मेळावा आहे. हौस म्हणून खुशाल जा.

हे सगळं मी त्या मित्राला लिहून पाठवलं. त्याने पैसे दिले, वर अट घातली की पेव उघडताना पहिला तोच आत उतरणार. अट नामंजूर केली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरोने लिहून ठेवलंय की पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसं गुदमरली आहेत. कडेच्या दाण्यांनी ऑक्सिजन संपवलेला असतो, आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी बसून असतो. आधी मोजमाप होईल, मग हवा खेळू देऊ, मग तो उतरेल.