ओल्या खोकल्याचे औषध : कफ दाबायचा की सुटू द्यायचा?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधामुळे वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. औषधाच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक ४८.६ टक्के आढळले. त्याची मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. अशी भेसळ घरी बाटली पाहून ओळखता येत नाही, त्यामुळे ती रोखण्याची जबाबदारी उत्पादकाची आणि औषध प्रशासनाचीच आहे. परंतु त्या मुलांना खोकल्याच्या औषधाची मुळात गरज होती का, आणि मोठी माणसे ही औषधे घेतात तेव्हा छातीत नेमके काय घडते, हे प्रश्न प्रत्येक घराशी संबंधित आहेत.

श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, ज्यांना सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर असे सुमारे दोनशे केस असून ते सेकंदाला दहा ते वीस वेळा हलतात, तेही सगळे एकदम नव्हे, तर भाताच्या शेतावरून वाऱ्याची लाट सरकत जावी तसे एकामागून एक. त्यांच्या मुळाशी पातळ द्रवाचा थर असतो आणि त्यावर श्लेष्म्याचा चिकट थर तरंगतो. श्वासातून आलेली धूळ व जंतू या चिकट थरात अडकतात आणि लाटेबरोबर घशाकडे ढकलले जातात. तेथून आपण ते नकळत गिळतो. निरोगी श्लेष्म्यात सुमारे ९७ टक्के पाणीच असते. त्याला चिकटपणा येतो तो म्युसिन नावाच्या लांबलचक प्रथिनांमुळे, कारण या प्रथिनांचे धागे गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकांना जोडलेले असतात. संसर्ग झाला की म्युसिन वाढते, मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए त्यात मिसळतो, पाण्याचे प्रमाण घटते आणि तो घट्ट थर केसांना हलवेनासा होतो. अशा वेळी शरीर खोकल्याचा आधार घेते : स्वरयंत्र क्षणभर मिटते, छातीत दाब साठतो आणि सुटलेला हवेचा झोत कफ खरवडून वर आणतो. म्हणून कफ पडणारा खोकला सरसकट दाबून टाकणे योग्य नाही.

कफ सुटायला मदत करणाऱ्या औषधांचा रोख या घट्टपणावर असतो. ॲसिटिलसिस्टीन डायसल्फाइड बंध थेट तोडते. ग्वायफेनेसिन जठराच्या अस्तराला किंचित चेतवते आणि मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रतिक्षिप्त क्रियेतून श्वासनलिकेतील ग्रंथींचा पातळ स्राव वाढवते, असे मानले जाते. ब्रोमहेक्सिन तर आपल्या अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून प्रयोगशाळेत घडवले गेले आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारे ॲम्ब्रोक्सॉल आज स्वतंत्र औषध म्हणून मिळते. असे असले तरी या औषधांचा फायदा माफकच आहे, हे जाहिरातींतून कळत नाही. साधा विषाणूजन्य खोकला बहुधा तीन आठवड्यांच्या आत आपोआप थांबतो.

दुसरीकडे डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन मेंदूतील खोकल्याचे केंद्र मंदावतात. कोरड्या, झोप मोडणाऱ्या खोकल्यात डॉक्टर ती देऊ शकतात. छातीत कफ असताना मात्र ती तो आतच अडकवू शकतात. एकाच बाटलीत कफ पातळ करणारे आणि खोकला दाबणारे, अशी दोन्ही द्रव्ये असल्यास त्या मिश्रणाला तर्कसंगत आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काही बाटल्यांत असणाऱ्या क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीरोधक द्रव्याने झोप येते, त्यामुळे ते घेऊन वाहन चालवू नये. काही बाटल्यांत पॅरासिटामॉलही असते, अशा वेळी तापाची गोळी वेगळी घेतल्यास मात्रा दुप्पट होते. म्हणून बाटलीवरचे नाव नव्हे, घटकद्रव्ये वाचावीत आणि औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने नव्हे, सोबतच्या मापाच्या टोपणानेच मोजावे. मधुमेह असणाऱ्यांनी त्यातील साखरही विचारात घ्यावी.

दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि साधारणपणे पाच वर्षांखालीही ती टाळावीत, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले. मुलांना पुरेसे पाणी व इतर पातळ पदार्थ पाजावेत. वर्षावरील मुलाला चमचाभर मध देता येतो, पण त्याहून लहान बाळाला बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराच्या, धोक्यामुळे मधाचे बोटही लावू नये. तान्ह्या मुलाला ‘छाती मोकळी होण्यासाठी’ ब्रँडीचे थेंब देण्याची प्रथा अंधश्रद्धाच नव्हे, तर थेट धोका आहे.

धाप लागणे, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे किंवा बेडक्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास औषधाच्या दुकानात न जाता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. दोन आठवडे उलटूनही खोकला टिकून असेल, तर नवी बाटली आणण्याऐवजी क्षयरोगासाठी बेडक्याची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत ती मोफत होते.