गणित ऑलिम्पियाडचा फॉर्म: आठवी ते बारावीच्या लेकरांसाठी पात्रता, कागदपत्रं, तारखा

आमच्याकडं लातूर-नांदेडच्या पट्ट्यात लेकरू गणितात हुशार दिसलं की दहावीनंतर कुठल्या क्लासला घालायचं ही चर्चा आठवीतच सुरू होते, पण आयओक्यूएमचा, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पात्रता परीक्षेचा फॉर्म भरलाय का असं विचारलं तर बहुतेक पालक अन् खरं सांगायचं तर बरेच शिक्षक पण गप्प बसतात. म्हणून हे लिहायलोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. शाळेत पॅम्फ्लेट येतं, फी भरली की सगळ्यांना मेडल मिळतं, त्या पण परीक्षांना ऑलिम्पियाडच म्हणतात, पण त्यातून देशाच्या टीममध्ये सिलेक्शन होत नाही. ते ज्यातून होतं ती साखळी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडं आहे, अन् तिची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम, ती गणित शिक्षकांची संघटना एमटीएआय घेते. पुढं आरएमओ म्हणजे प्रादेशिक ऑलिम्पियाड, मग आयएनएमओ म्हणजे राष्ट्रीय ऑलिम्पियाड, मग उन्हाळ्यातलं ट्रेनिंग कॅम्प आणि शेवटी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जाणारी सहा जणांची टीम. मुलींसाठी युरोपियन गर्ल्स ऑलिम्पियाडची चार जणींची वेगळी टीम पण असते, हे पोरींच्या आईबापांनी मुद्दाम लक्षात ठेवा.

पात्रता सोपी आहे. लेकरू आठवी ते बारावीत पाहिजे, बोर्ड कुठलंही चालतं, झेडपीची शाळा असो नाहीतर सीबीएसई. बारावी आधीच पास झालेली नसावी आणि वयाची अट असते, २०२५-२६ साठी जन्म १ ऑगस्ट २००६ किंवा त्यानंतरचा हवा होता, ही तारीख दरवर्षी एक वर्ष पुढं सरकते. मार्कांची, टक्केवारीची कसलीच अट नाही, त्यामुळं गुणपत्रिका घेऊन पळापळ करू नका.

फॉर्म पावसाळ्यात सुटतो, एमटीएआयच्या वेबसाईटवर ऑनलाईन भरायचा, फी पण ऑनलाईनच. आपल्याकडं इथंच घोळ होतो. मागं आमच्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म ऑनलाईन सेंटरवर भरला तर तिथल्या माणसानं घाईत स्वतःचाच ईमेल अन् मोबाईल टाकला, मग हॉलतिकीट काढायच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर आणि तो लग्नाला परगावी! पोरगी दोन दिवस रडत होती. तेव्हा काहीही झालं तरी नंबर आईचा किंवा वडिलांचा टाका, ईमेल नवीन काढा आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

दुसरं नावाचं. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधारवर नाव आधी, इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं, हे आपल्याकडं घरोघरी आहे. फॉर्मवर आधारप्रमाणंच नाव टाका आणि आधारवरच चूक असेल तर जूनमध्येच दुरुस्तीला टाका. परीक्षेला हॉलतिकीटाची प्रिंट अन् फोटोवालं ओळखपत्र लागतं. जन्मदाखला किंवा प्रवेश निर्गम उतारा आणि बोनाफाईड आत्ताच काढून फाईलला लावून ठेवा, कारण पुढच्या पायरीवर वयाचा अन् शाळेचा पुरावा मागितला तर ग्रामपंचायतीत सही घेण्यात आठवडा जातो.

सेंटर निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, रविवारी सकाळी तिथं कुठली एसटी पोचते ते बघा, पेपर दहाला सुरू होतो. तारीख पण सणात येते: २०२४ ला ८ सप्टेंबर म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, २०२५ ला ७ सप्टेंबर म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर मिरवणुकीत नाचलेलं लेकरू तीन तास बसणार कसं, ते घरच्यांनीच ठरवायचं.

पेपर ३० प्रश्नांचा, १०० मार्कांचा: दहा प्रश्न २ मार्कांचे, दहा ३ चे, दहा ५ चे. पर्याय नसतात, उत्तर ०० ते ९९ मधली संख्या असते आणि ती ओएमआरवर, म्हणजे मशीननं तपासायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल काळे करून दाखवायची. निगेटिव्ह मार्किंग नाही. समजा विचारलं की ७ च्या २०२५ व्या घाताचे शेवटचे दोन अंक कोणते, तर ७ चा चौथा घात २४०१, म्हणजे शेवटी ०१, आणि २०२५ ला ४ नं भागलं की बाकी १, म्हणून उत्तर ०७. इथं नुसता ७ रंगवून चालत नाही, आधीचा शून्य पण रंगवायचा. उत्तर बरोबर काढून मार्क गेलेली लेकरं मी बघितलीत, जीव तुटतो.

अभ्यासाला संख्याशास्त्र म्हणू नका, संख्या सिद्धांत म्हणा, दोन्ही वेगळे आहेत: संख्या सिद्धांत, बीजगणित, भूमिती आणि मोजणीची गणितं म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स, एवढे चार भाग. कॅल्क्युलस लागत नाही, म्हणून अकरावी-बारावीचा पोर्शन आधी उरकायची घाई नको. जुने पेपर होमी भाभा केंद्राच्या साईटवर फुकट आहेत. आठवड्याला पाचच गणितं घ्या पण उत्तर न बघता, एक गणित तीन दिवस सुटलं नाही तरी चालेल. हे क्लासच्या वेगात बसत नाही, पण आरएमओत तीन तासांत फक्त सहा गणितं असतात आणि तिथं नुसतं उत्तर नाही, पूर्ण सिद्धता लिहायची असते. तिची सवय आठवी-नववीतच लागते, म्हणून बारावीची वाट न बघता पहिला फॉर्म आठवीतच भरा.