जुनी मोटरसायकल घरी चालू करताय? आधी किक मारू नका

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या इंजिनकामाच्या गाळ्याकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्याकडे एका ठरावीक प्रकारचे फोन सुरू होतात. "बाबांची येझदी आहे, पंधरा वर्षं जिन्याखाली उभी होती. काल पेट्रोल टाकलं आणि किक मारली." पुढचं ऐकायची गरज नसते. किक अडकलेली असते, नाहीतर दांडी मोकळीच फिरत असते. म्हणून हे पत्रक. घरी करण्यासारखं काम खूप आहे, आणि ते तुम्हीच करावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आमच्याकडे फक्त मशीनचं काम आणा.

पहिली गोष्ट अडकलेल्या इंजिनाची, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, त्याच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. ठाणे काय, नवी मुंबई काय, खाडीच्या कुशीतली गावं. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा सायलेन्सरमधून आणि कार्बोरेटरमधून आत शिरतो आणि रिंगा लायनरला गंजून धरतात. त्यावर सत्तर किलोच्या माणसाने उभं राहून किक मारली की रिंग तुटते. टू-स्ट्रोक गाडीत तिचा तुकडा पोर्टच्या, म्हणजे लायनरमधल्या खिडकीच्या, कडेत अडकून लायनर खरवडत जातो. रिंगा बदलून भागलं असतं तिथे बोअर (लायनर आतून कापून मोठा करणं) आणि नवा पिस्टन करावा लागतो.

त्यापेक्षा प्लग काढा. भोकातून टॉर्च मारून पाहा. आत तांबूस दिसलं तर डिझेल आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये घालतात ते तेल) निम्मं-निम्मं करून अर्धी वाटी ओता आणि चार दिवस गाडीकडे फिरकू नका. पाचव्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. जोर नको, झोका द्यायचा. सुटताना बारीक चर्रकन आवाज येतो आणि हाताला आधी कळतं. आठवड्यात नाही सुटलं तर हेड उघडा, पण पिस्टनवर लोखंडी सळई ठेवून हातोडा मारू नका. तशी भोक पडलेली पिस्टनं आमच्या फळीवर नमुन्याला ठेवली आहेत, येऊन बघा.

उघडण्याआधी सायलेन्सरमध्येही डोकावा. कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली असतात, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने सोसायटीच्या नोटिशी कुरतडून केलेली गादी. हसू नका, दोन्ही आम्ही स्वतः काढली आहेत.

टाकी आणि कार्बोरेटर

जुन्या पेट्रोलला पॉलिशसारखा वास येतो आणि तळाशी मधासारखा चिकटा बसतो. ते सगळं काढून टाका. गंजलेल्या टाकीसाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं. टाकी आधी साबणाच्या पाण्याने तीन-चारदा विसळायची, पेट्रोलचा वास पूर्ण गेला की गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची आणि लगेच वाळवायची. लगेच म्हणजे लगेच, चहा पिऊन येईपर्यंत आत पुन्हा तांबूस थर धरतो. शेवटी वाटीभर टूटी ऑइल घालून टाकी सगळीकडून फिरवा. टाकी फुटली असेल तर नाक्यावरच्या वेल्डरकडे देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी चकती, टाचणीने टोकरू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार आणि हवेचा दाब पुरतो. पितळेचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) कानाशी धरून हलवा. आत डुचमळलं तर तो गळका आहे.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचे बुचाचे वायसर खराब करतं. तेव्हा नळ्या सरसकट नव्या घ्या, आणि पावसाळ्यात महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी आणि फ्लोटचा कप रिकामे करून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना टाकी बसवूच नका. सलाईनच्या बाटलीत पाव लिटर पेट्रोल भरून हँडलला टांगा. येझदी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोकला त्यात 10 मिली टूटी ऑइल घालायला विसरू नका, म्हणजे लिटरला 40 मिली. हे सगळं उघड्यावर करायचं. बंद गॅलरीत, देवघराच्या किंवा इन्व्हर्टरच्या जवळ मुळीच नाही.

करंट

जुनी गाडी चालू होत नाही याचं कारण बहुतेक वेळा पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, बसलेली काळी पापडी असते. बारीक पॉलिश पेपर फिरवा, स्वच्छ कागद मध्ये ओढून धूळ काढा, फिलर गेजने साधारण 0.4 मिमी अंतर ठेवा. कंडेन्सर जुना असेल तर तपासत बसू नका, नवाच टाका. अर्थची वायर जिथे चेसिसला लागते तिथला रंग खरवडा. एवढ्यावर निम्म्या गाड्या बोलू लागतात.

बुलेटवाल्यांसाठी दोन ओळी. बिडाच्या इंजिनाची बुलेट बरीच वर्षं उभी राहिली की तेल पंपातून झिरपून खालच्या क्रँककेसमध्ये जमतं. ते खालच्या बोल्टातून काढून नवं तेल भरल्याशिवाय चालू करू नका. चालू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल येतंय का पाहा. आलं नाही तर तिथेच बंद.

टू-स्ट्रोक चालू झाली, पण अॅक्सिलेटर सोडल्यावरही रेस उतरत नाही? क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झाले आहेत आणि तिथून हवा ओढली जातेय. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ते बरं होत नाही. अशी गाडी तशीच दामटली की पिस्टन धरतो. इंजिन काढून आमच्याकडे आणा.

आमच्याकडे काय आणायचं

बोअर, क्रँक, कनेक्टिंग रॉड, पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा. बोअरसाठी सिलेंडर आणताना पिस्टन सोबत आणा. 0.25, 0.50, 0.75 किंवा 1 मिमी ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी हातात आलेला पिस्टन मापल्याशिवाय आम्ही बोअर मारत नाही. फोनवर भावही सांगत नाही, त्याचा राग धरू नये. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 ला बंद झाला. तेव्हापासून बाजारात जे पार्ट आले त्यात चांगलं-वाईट दोन्ही आहे. चोरबाजारातला घासलेला पण मूळचा पार्ट कधीकधी चकचकीत नव्यापेक्षा बरा निघतो.

रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग करून मग इंजिन उघडणाऱ्यांची टाकी आम्ही पाहिली आहे, पान्याचे ओरखडे आणि पेट्रोलचे ओघळ. आणि रंगवाल्याला बजावून सांगा की चेसिस नंबरावर पुट्टी नको आणि इंजिन नंबरावर ग्राइंडर नको. गेल्या वर्षी एका गृहस्थांच्या इंजिनावरचा नंबर बफिंगमध्ये साफ गेला. गाडी देखणी झाली, कागदावर मात्र ती कोणाचीच राहिली नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याबरोबर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. वडिलांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. जुन्या आरसी बुकाची नोंद संगणकावर नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे ती जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीही होते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. नेहमी चालवायची असेल तर या फंदात पडू नका.

ब्रेक उघडाल तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. टायरवर नक्षी दिसते म्हणून तो चांगला, असं नाही. बाजूचा चार आकडी कोड वाचा, 2309 म्हणजे 2009 च्या 23 व्या आठवड्यातला. कोड तीन आकडी असेल तर टायर गेल्या शतकातला आहे, काढून टाका.

पहिली फेरी गल्लीतच. पाम बीच रोड नको, येऊरचा चढ तर नकोच. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. आजच्या गाड्यांवर शिकलेली मुलं घाबरली की उजवा पाय दाबतात, आणि गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलते. चावी मुलाच्या हाती देण्याआधी इंजिन बंद ठेवून त्याला दहा मिनिटं नुसतं पायाने ब्रेक शोधायला लावा.

गाडी टेम्पोतून आणणार असाल तर पेट्रोल काढून, उभी बांधून आणा. काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका, ते थेट खाडीत जातं. कॅनमध्ये भरून आणा, आम्ही ठेवून घेतो. सुटे नटबोल्ट प्लास्टिकच्या डब्यांत, डब्यावर नाव लिहून. एका पिशवीत सगळं घालून आणलंत तर ते निवडायला तुम्हालाच स्टूलवर बसवू.